कपाळावरचा मुका

खळ केलेला पांढरा ॲप्रन बांधा, केस टोपीखाली घ्या, बांगड्या काढून ठेवा. तुम्ही बाई असा की बुवा, 1905 सालच्या न्यूयॉर्कमध्ये या दारातून आत जायचं तर एकाच नात्यानं जाता येईल: मोठ्या घरची मुलं सांभाळायचं शिक्षण घेणारी मुलगी म्हणून. दार लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या बेबीज हॉस्पिटलचं आहे. ऑगस्ट चालू आहे. बाहेर घोड्यांच्या लिदीचा वास, आत कार्बोलिकचा.

हातात एक बारीकसं पुस्तक येतं. लिहिणारे डॉ. एल. एमेट होल्ट, या इस्पितळाचे मुख्य डॉक्टर. मुळात ते तुमच्यासारख्या शिकाऊ मुलींसाठीच लिहिलं होतं. 1894 साली 'द केअर अँड फीडिंग ऑफ चिल्ड्रन' या नावानं ते छापून आलं आणि बघता बघता दायांच्या ॲप्रनच्या खिशातून मालकिणींच्या उशाशी जाऊन बसलं. सगळं प्रश्नोत्तरांत आहे. तुम्ही मुली भिंतीशी ओळीनं उभ्या राहता, परिचारिका प्रश्न टाकते आणि तुम्ही पाढे म्हणावेत तशी उत्तरं म्हणता. झोके देऊन निजवायचं नाही. गरज नसते आणि चटक मात्र लागते. तोंडात चोखणी द्यायची नाही. चार महिन्यांच्या आतल्या बाळाला खेळवायचं नाही. सहा महिने कळ काढलीत तर आणखी बरं, कारण खेळवलेलं मूल चिडचिडं होतं, नीट झोपत नाही. रडणं हा तान्ह्याचा व्यायाम आहे, त्यानं फुप्फुसं फुलतात, तेव्हा दिवसातून थोडं रडलेलं चांगलंच.

मग मुक्याचा प्रश्न येतो. तुम्हाला हसू फुटतं, परिचारिकेला फुटत नाही. बाळाच्या तोंडाचा मुका घ्यायचा नाही. क्षय, घटसर्प आणि आणखी एक रोग, ज्याचं नाव ती मुलींसमोर भर्रकन उरकते, हे सगळे त्या वाटेनं जातात. अगदीच राहवलं नाही तर गालाचा किंवा कपाळाचा घ्यावा, आणि तोही क्वचित. हे उत्तर नीट पाठ करा. पुढच्या पंचवीस वर्षांत ते कुठे जाऊन पोचतं, ते बघायला तुम्ही एवढ्या लांब आल्या आहात.

ही माणसं कोरडी आहेत, दुष्ट आहेत, असं ठरवून टाकायची घाई होत असेल तर दुपारपर्यंत थांबा. दुपारी तुम्हाला वॉर्डात एका बाळापाशी नेतात. टाळू खोल गेलेली, डोळे आत ओढलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते आहे. उन्हाळी जुलाब. दरवर्षी जुलै-ऑगस्टात हे असंच. दूध गावाकडून रेल्वेनं येतं, गरम कॅनमधून, मग कोपऱ्यावरच्या दुकानात उघड्यावर राहतं आणि मापानं विकलं जातं. गरिबाघरी ते जातं लांब रबरी नळीच्या बाटलीत. ती बाटली बाळाशेजारी ठेवून दिली की आईला शिवणकामाला हात मोकळे राहतात, आणि नळी आतून घासता येत नाही. तिच्यात काय वाढत असेल ते तुम्हाला, एकविसाव्या शतकातल्या माणसाला, सांगायला नको.

म्हणून इथे नियम आहेत, आणि ते नियम काम करतात. नळीची बाटली फेकून द्या. दूध तापवा. मलई, दुधाची साखर आणि चुन्याची निवळी यांची मापं वयाप्रमाणे ठरलेली आहेत, ती डोळ्यांनी नाही, मापाच्या भांड्यानंच घ्या. घड्याळाच्या ठोक्याला पाजा, मधे नाही, कारण गाईचं दूध पचायला पोटाला अवकाश लागतो. वजन वहीत लिहा. याच शहरात नेथन स्ट्रॉस नावाचा दुकानदार 1893 पासून गरीब वस्त्यांत पाश्चरीकृत दुधाची केंद्रं चालवतो आहे. तीन वर्षांनी, 1908 च्या उन्हाळ्यात, डॉ. जोसेफिन बेकर पूर्वेकडच्या एका दाट वस्तीत परिचारिकांना घरोघर पाठवतील. स्तनपान, आंघोळ, खिडकी उघडी ठेवणं, एवढंच शिकवायला. त्या वस्तीत आदल्या उन्हाळ्यापेक्षा 1,200 बाळं कमी मरतील. ज्या आयांनी आधीचं मूल पुरलं आहे त्यांना घड्याळ म्हणजे जाच वाटत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की दुधाला लावलेला नियम मग अश्रूंना लावला गेला. जंतूंशी झालेल्या लढाईत डॉक्टरांची जी पत झाली, ती पत त्यांनी बाळाच्या मनावर खर्च केली. हे एका दिवसात घडलं नाही आणि कुणी कट करूनही केलं नाही. कसं घडलं ते रात्री कळेल; चला, तुमची नेमणूक झाली आहे.

घर मोठं आहे, बाळाची खोली तिसऱ्या मजल्यावर. बाळ सात महिन्यांचं, गुटगुटीत. दहाचं पाजणं झालं आणि साडेअकराला ते रडायला लागतं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे तपासता. भूक नाही, वेळ झालेली नाही. लंगोट कोरडा. टाचणी टोचत नाही, पोट मऊ, अंग थंड, कान दुखत असता तर हात तिकडे गेला असता. म्हणजे हे दुखण्याचं रडणं नाही, हेक्याचं आहे. आणि हेक्याच्या रडण्याला पुस्तकात एकच उपाय आहे: रडू द्यायचं. डॉ. होल्ट यांनी हिशेबही दिला आहे. पहिल्या वेळी बहुधा तास लागेल, फारच जिद्दी मूल असेल तर दोन-तीन. दुसऱ्या वेळी दहा-पंधरा मिनिटं. तिसरी वेळ सहसा येत नाही.

बारा वाजून दहा मिनिटं. तुमचे हात बघा. ते आपोआप थोपटायला लागलेत, हवेत, मांडीवर, खुर्चीच्या हातावर. ज्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, मांडी हलवत निजवायची सवय आहे, त्यांना हे कसं सांगणार? बाळ आता शब्दांच्या उंबरठ्यावरचं काहीतरी ओरडतं आहे. दाराबाहेर फळी करकरते. मालकीण आहे, झोपायच्या झग्यात, अनवाणी. ती आत येत नाही. तिनं पुस्तक वाचलं आहे. तिला ठाऊक आहे की आत्ता आत जाणं म्हणजे बाळाला शिकवणं, की पुरेसं रडलं की माणसं येतात. तुम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहता आणि एकमेकींना दिसत नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी ते थांबतं.

दुसऱ्या रात्री बारा मिनिटं. तिसऱ्या रात्री शांतता. अवघड भाग हाच आहे: उपाय लागू पडतो. डॉक्टरांचा हिशेब चुकलेला नाही. मात्र वजनाच्या वहीत वजन वाढलं की काय झालं ते सगळ्यांना समजतं, आणि बाळ गप्प झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे त्या वहीत लिहायला रकाना नाही.

(जाता जाता न्यू हेवनमध्ये एका घरावर नजर टाकून घ्या. रेल्वेच्या वकिलाचं घर आहे, आई मिल्ड्रेड करारी, होल्टांवर पूर्ण श्रद्धा. मुलं थंडीतसुद्धा उघड्या गच्चीवजा व्हरांड्यात झोपतात, कारण ताजी हवा. बारा वर्षांचे होईपर्यंत केळं खायचं नाही. केळं पचायला जड. थोरला मुलगा दोन वर्षांचा आहे, नाव बेंजामिन. त्याच्याकडे परत यायचं आहे.)

आता गाडीनं पश्चिमेला, 1916 साली, कॅन्ससमधल्या एका शेतावर. इथे तुम्ही पगारी दाई नाही, कापणीच्या दिवसांत मदतीला आलेली बाई आहात. घरधनीण तिशीच्या आतली, तिसरं मूल पाच महिन्यांचं. पाणी हापशावरून आणायचं, चूल लाकडाची, मळणीवाल्या गड्यांचं दोन वेळचं रांधायचं, कोंबड्या, लोणी, धुणं. हिची आई जर्मनीतच राहिली. सासू आहे ती दोन दिवसांच्या वाटेवर. बाळाला पुरळ आलं तर विचारायला शेजारीण तीन मैलांवर.

फळीवर, बायबलशेजारी, एक सरकारी पुस्तिका आहे: 'इन्फंट केअर'. वॉशिंग्टनमध्ये 1912 साली बालकांसाठी एक सरकारी कार्यालय निघालं, चिल्ड्रन्स ब्यूरो. प्रमुख ज्युलिया लॅथ्रोप, संघराज्याच्या एखाद्या कार्यालयाची सूत्रं हाती आलेली पहिली स्त्री. दोन वर्षांनी ही पुस्तिका आली. आपल्या मतदारसंघातल्या आयांना ती टपालानं पाठवायला प्रतिनिधीगृहातल्या पुढाऱ्यांना फार आवडे; मुलाचा मुका घेऊन फोटो काढण्यापेक्षा हे नक्कीच बरं. लेखिकेचं नाव छापलंय 'मिसेस मॅक्स वेस्ट'. नवरा वारलेला, पदरी पाच मुलं, आणि पुस्तकावर नाव नवऱ्याचं. मेरी मिल्स वेस्ट हे तिचं खरं नाव.

रात्री कंदिलाशी बसून वाचा. पानं बोटांनी काळी झालेली आहेत, म्हणजे पुस्तिका वापरातली आहे. अंगठा चोखणाऱ्या मुलाची बाही बोटांवरून खाली ओढून टाचून टाकायची, काही दिवस आणि रात्री. तिसऱ्या महिन्यापासून, जमल्यास आधीच, ठरल्या वेळी भांड्यावर धरायला सुरुवात. आईबापांनी बाळाशी खेळू नये. कठोर वाटलं तरी नियम बिनधोक आहे. आणि रडलं की उचललं, असं होऊ दिलं तर मूल घरातला हुकूमशहा होतं आणि आई त्याची गुलाम.

न्यूयॉर्कच्या तिसऱ्या मजल्यावर हे वाचलं असतं तर तुम्ही पुस्तिका मिटली असती. इथे जरा थांबता. कारण समोर ती बाई पहाटे साडेचारपासून उभी आहे, आणि 'गुलाम' हा शब्द तिच्या बाबतीत अलंकारिक राहत नाही. कुणीतरी, तेही सरकारी कागदावर, तिला सांगतं आहे की बाळ स्वच्छ आहे, पोट भरलं आहे, तर त्याला खाटेवर ठेव आणि तू पाठ टेक. पाच मुलं वाढवलेल्या विधवेनं लिहिलं आहे ते. नियम बाळाच्या शिस्तीचा म्हणून छापला, पण मला त्यात आईच्या पाठीची काळजीही वाचता येते. एकत्र कुटुंबात ही काळजी आजी, काकू, मोठी बहीण आपसांत वाटून घेतात; ओसाड माळावर ती पुस्तिकेला घ्यावी लागली.

आणखी एक पान दाखवायचं राहिलं. थोरला, चार वर्षांचा, दुपारी चुलीपाशी गेला तेव्हा बापानं त्याला पट्टा दाखवला होता. त्या बापाच्या बापानं पट्टा नुसता दाखवला नसता. मुलाची इच्छाशक्ती मोडल्याशिवाय त्याचा आत्मा सुधारत नाही, अशी या मुलखातली जुनी धार्मिक समजूत. शाळांत तर छडी कायदेशीर आहे, सबंध देशात न्यू जर्सी हे एकच राज्य असं की जिथे 1867 पासून बंदी आहे. आणि हीच पुस्तिका, जी बाही टाचायला सांगते, ती स्वच्छ म्हणते की तान्ह्याला कडक शिक्षेची जागाच नाही. त्याला बरं-वाईट कळत नसतं. या दोन गोष्टी एकाच पुस्तिकेत सुखानं नांदतात. मारायचं नाही आणि उचलायचंही नाही. हात लांब ठेवायचे.

घरधनीण पेन्सिलीनं पत्र लिहिते आहे, ब्यूरोला. अशी पत्रं देशभरातून तिथे हजारोंनी जातात, आणि त्यांना उत्तरंही येतात. दात, दूध, पुन्हा दिवस गेले तर काय, नवरा ऐकत नाही तर काय. ती लिहीत असताना बाळ कुरकुरतं. ती डाव्या हातानं त्याला कडेवर घेते आणि उजव्या हातानं लिहीत राहते. पुस्तिका उघडीच आहे. सल्ला आणि घर यांच्यात हे अंतर नेहमीच होतं, ही गोष्ट जुनी पुस्तकं वाचताना आपण विसरतो.

तेरा वर्षं पुढे या. 1929, न्यू जर्सीतलं एक उपनगर. विजेचे दिवे, रेफ्रिजरेटर, गॅरेजात फोर्ड. जुलाबांनी मेलेलं मूल या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. दूध बाटलीबंद, पाश्चरीकृत. म्हणजे ज्या भीतीनं घड्याळ घरात आणलं, ती बरीचशी ओसरली. घड्याळ आहे तिथेच आहे. टेबलावरचं पुस्तक बदललं आहे: आदल्या वर्षी आलेलं 'सायकॉलॉजिकल केअर ऑफ इन्फंट अँड चाइल्ड', लेखक जॉन बी. वॉटसन.

वॉटसन डॉक्टर नव्हेत, वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असताना त्यांनी आणि रोझली रेनर या सहायक तरुणीनं अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याच क्षणी मागे लोखंडी दांडीवर हातोडा मारायचा, असा प्रयोग केला. बाळ उंदराला भ्यायला शिकलं, मग सशाला, मग केसाळ कोटालाही. 1920 साली तो निबंध छापला. त्याच वर्षी रोझलीशी असलेले संबंध उघडकीला येऊन वॉटसन यांची प्राध्यापकी गेली. दोघांनी लग्न केलं आणि वॉटसन जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत रुजू झाले. लोकांना काय हवंसं वाटावं हे ठरवायचा धंदा. तिथेही त्यांचं उत्तम चाललं.

सकाळी साडेसहाला तुम्ही कामावर हजर. मुलाला संत्र्याचा रस. साडेसातला न्याहारी. आठला त्याला संडासातल्या खास खुर्चीत बसवायचं, पट्टा लावायचा, खेळणं द्यायचं नाही, दार लावून घ्यायचं, वीस मिनिटं. मग मागच्या आवारात, कुंपणाच्या आत, एकटं. पडू दे, चिखलात बसू दे, स्वतःचं स्वतः सोडवू दे. आईला फारच कळवळा आला तर वॉटसन यांनी त्याचीही सोय सांगितली आहे: भिंतीला भोक पाडून त्यातून बघा, म्हणजे मुलाला तुम्ही दिसणार नाही, किंवा पेरिस्कोप वापरा. तुम्हाला वाटेल मी थट्टा करतो आहे. नाही. पाणबुडीतलं ते यंत्र, परसातल्या दीड वर्षाच्या मुलावर नजर ठेवायला.

मारण्याबद्दल त्यांचं मत वेस्ट यांच्याच वळणाचं. राग काढायला मारणं त्यांना नामंजूर. नको त्या वस्तूला हात घातला की तिथल्या तिथे बोटांवर टिचकी द्या, तीही न चिडता. चिडण्याला बंदी आहे तशी विरघळण्यालाही आहे.

आणि संध्याकाळी मुक्याचा नियम येतो. तुम्ही 1905 मध्ये पाठ केलेलं उत्तर आठवा. वॉटसन म्हणतात, मुलांना मिठीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच घ्यायचा तर रात्री झोपताना एकदा मुका घ्या, कपाळावर. सकाळी हस्तांदोलन करा. एखादं अवघड काम फार चांगलं केलं तर डोक्यावरून हात फिरवा.

पुन्हा तेच कपाळ! पंचवीस वर्षांपूर्वी तिथे मुका सरकला होता तो घटसर्पाला चुकवण्यासाठी. तोंडापासून जमेल तितका दूर, म्हणून कपाळ. आता जंतूंचं नावही नाही. आता मायाच संसर्गजन्य ठरली आहे: लाड केलेलं मूल परावलंबी होतं, मोठेपणी नोकरीत टिकत नाही, बायकोशी पटत नाही. नियम तसाच्या तसा राहिला, त्याच्या खालचं कारण तेवढं काढून दुसरं सरकवलं. अर्पणपत्रिका वाचा, तिचा अर्थ असा निघतो की सुखी मूल वाढवणारी आई अजून जन्माला यायची आहे. आणि पुस्तक विकत घेणार होत्या त्या आयाच. जाहिरातवाल्याला हे बरोबर ठाऊक असणार.

वॉटसन यांच्या घरात मात्र डोकवायला हवं. रोझलीला दोन मुलगे झाले, बिली आणि जिमी. दोघंही याच शास्त्रावर वाढताहेत. 1930 च्या डिसेंबरात 'पेरेंट्स मॅगझिन' उघडा. त्यात तिचा लेख आहे, वर्तनवाद्याच्या मुलांची आई या नात्यानं लिहिलेला. नवऱ्याच्या शास्त्रापुढे काही बाबतींत ती मान तुकवते आणि काही बाबतींत बंड करते, असं तीच लिहिते. तिला खिदळायला आवडतं, आणि वर्तनवाद्यांच्या मते खिदळणं हे काहीतरी बिघडल्याचं लक्षण. आयुष्यातल्या काव्यानं आणि नाट्यानं आपल्या मुलांच्या डोळ्यांत पाणी यावं अशी तिची इच्छा आहे. मासिकाच्या गुळगुळीत पानावर, हसत हसत, नवऱ्याची फजिती न करता तिनं ते सांगितलं आहे. पाच वर्षांनी ती गेली. त्यानंतर वर्षभरात वॉटसन यांनी आत्मकथनपर लेखात लिहून टाकलं की ते पुस्तक लिहिण्याइतकं ज्ञान तेव्हा आपल्यापाशी नव्हतं. तोवर ते हजारो घरांत गेलं होतं. तिथे ही कबुली कोण पोचवणार?

शेवटचा मुक्काम 1946. औषधाच्या दुकानात लोखंडी फिरत्या मांडणीवर कागदी बांधणीची पुस्तकं लावली आहेत. पंचवीस सेंट द्या आणि एक उचला. लेखक बेंजामिन स्पॉक, न्यू हेवनचा तोच थोरला मुलगा, आता बालरोगतज्ज्ञ. पहिल्याच पानावर तो आयांना सांगतो की तुम्हाला वाटतं त्याहून तुम्हाला पुष्कळ कळतं, स्वतःवर भरवसा ठेवा. भूक लागेल तेव्हा पाजा, रडलं तर उचला, आवडतं तर कुरवाळा. तुमच्या मागच्या टेबलाशी कॉफी पिणारी बाई पहिलं पान दोनदा वाचते आहे.

तिकडे न्यू हेवनमध्ये मिल्ड्रेडबाईंनीही मुलाचं पुस्तक वाचलं. व्हरांड्यात मुलांना निजवणाऱ्या, केळं बंद ठेवणाऱ्या, होल्टांना प्रमाण मानणाऱ्या या बाई काय म्हणतील याची लेखकाला धाकधूक होती. त्यांनी पुस्तक बरंच शहाणपणाचं आहे असा शेरा दिला. स्पॉक यांच्या स्वतःच्या मुलग्यांनी मात्र पुढे मोठेपणी सांगितलं, की वडील घरात कडक होते, आणि त्यांनी आपल्याला कधी मिठीत घेतलं नाही.